पिकअपची बॅटरी वारंवार उतरते: नवी बॅटरी घेण्याआधी काय तपासावे

सावदा, फैजपूर, रावेर या पट्ट्यात केळी वाहणाऱ्या आणि अमळनेर, धुळ्याकडे धान्य, कापूस, भाजीपाला वाहणाऱ्या पिकअप गाड्यांच्या वायरिंगचे काम करताना एकच तक्रार पुन्हा पुन्हा समोर येते: बॅटरी नवी टाकली, तरी उतरतेच. अशा बहुतेक गाड्यांत खरा दोष बॅटरी भरणाऱ्या अल्टरनेटरमध्ये, तिच्यातून गुपचूप वीज ओढणाऱ्या एखाद्या जोडणीत किंवा तिच्या दोन केबलमध्ये सापडतो, आणि तो न काढता टाकलेली दुसरी बॅटरीही पहिलीच्याच वाटेने जाते. पुढील तपासण्या बिनखर्चाच्या कामापासून अवघड कामाकडे जाणाऱ्या क्रमाने दिल्या आहेत. तो क्रम मोडू नये, कारण सर्वांत स्वस्त तपासणीतच दोष सापडण्याची शक्यता सर्वांत जास्त असते.

लक्षणे

किल्ली फिरवल्यावर डॅशबोर्डचे दिवे मंदावतात, सेल्फ (इंजिन सुरू करणारी स्टार्टर मोटर) जड फिरतो किंवा बॉनेटखालून टक-टक-टक असा भराभर आवाज येतो, तेव्हा एक तर बॅटरीत दम नसतो किंवा असलेला दम सेल्फपर्यंत पोहोचत नसतो. एकच ठसठशीत टक ऐकू येऊन दिवे मात्र लख्ख राहिले, तर संशय सोलेनॉइडच्या (सेल्फला करंट जोडणाऱ्या चुंबकी स्विचच्या) आतल्या कॉन्टॅक्टवर किंवा सेल्फच्या कार्बनवर (फिरत्या भागाला वीज पोहोचवणाऱ्या ब्रशवर) घ्यावा. दिवे लख्ख आणि आवाज काहीच नाही, अशा वेळी बॅटरीला हात न लावता किल्लीचा स्विच, सेल्फचा रिले आणि सोलेनॉइडला जाणारी बारीक वायर पाहावी. क्लच दाबल्याशिवाय सेल्फ लागत नाही अशी सोय असलेल्या गाड्यांत क्लचचा स्विचही पाहावा. संपूर्ण डॅशबोर्डच अंधारात असेल, तर बहुधा टर्मिनल निसटलेले किंवा मुख्य फ्यूज गेलेला असतो.

चालत्या गाडीतली लक्षणे वेगळी असतात. इंजिन सुरू असताना बॅटरीचा लाल दिवा पेटला, तर चार्जिंग बंद आहे, हे बहुतेकांना ठाऊक असते. पण किल्ली चालू करताच, इंजिन सुरू होण्याआधी, तोच दिवा पेटला नाही, तर तोही दोष आहे, हे फार थोडे जण लक्षात घेतात. अनेक अल्टरनेटरना सुरुवातीचा करंट याच बल्बमधून मिळतो, त्यामुळे काही रुपयांचा बल्ब गेल्याने पूर्ण चांगला अल्टरनेटर गप्प बसल्याची उदाहरणे नेहमी पाहायला मिळतात. उलट, हेडलाइटचे बल्ब वारंवार जात असतील, बॅटरीचे पाणी झपाट्याने कमी होत असेल आणि बॉनेट उघडताच ॲसिडचा तीव्र वास येत असेल, तर चार्जिंग प्रमाणापेक्षा जास्त होत आहे.

रोज चालणारी गाडी ठीक राहते, पण दोन-तीन दिवस उभी राहिली की उतरते, हे वीज कुठे तरी झिरपत असल्याचे लक्षण आहे. ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर मंद पेटणे, हेडलाइट लावल्यावर डिझेलचा काटा हलणे, हॉर्न वाजवताना टेप बंद पडणे, अशा विचित्र तक्रारी ऐकू आल्या, तर अर्थची, म्हणजे वीज गाडीच्या धातूतून बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत नेणारी, जोडणी आधी पाहावी.

हात घालण्यापूर्वी

गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला आणि किल्ली बाहेर काढलेली असावी. हातातले कडे आणि अंगठी काढून ठेवावी, कारण पाना आणि कडे यांच्यातून बॅटरीचा शॉर्ट झाला, तर कडे क्षणात लाल होते आणि मनगट भाजते. बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन वायू सुटतो आणि तो हवेत चार टक्के झाला तरी पेट घेऊ शकतो; त्यामुळे बॅटरीवर वाकलेल्या माणसाने बिडी ओढू नये आणि पाण्याची पातळी पाहण्यासाठी काडी पेटवू नये. ॲसिड डोळ्यात उडाल्यास किमान पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याने डोळा धुवावा आणि मग लगेच दवाखाना गाठावा.

टर्मिनल

दोन्ही टर्मिनल हाताने पिळून पाहावीत. हाताने हलणारे टर्मिनल सैल समजावे, मग त्याचा नट कितीही घट्ट दिसो. डिझेल पिकअपचा सेल्फ लागताना दोनशे अँपिअर किंवा त्याहून अधिक करंट ओढतो. एवढ्या करंटच्या वाटेत एक शतांश ओहम इतका क्षुल्लक अडथळा आला, तरी तेथेच २ व्होल्ट खर्च होतात आणि सेल्फला बाराऐवजी दहाच्याही खाली मिळते. हेडलाइटला फार थोडा करंट लागत असल्याने ते मात्र लख्ख पेटतात, आणि त्यामुळेच दिवे तर चांगले आहेत, मग बॅटरीकडची बाजू ठीकच असणार, असा गैरसमज होतो.

टर्मिनलवर पांढरट-हिरवी पावडर साचलेली असेल, तर आधी निगेटिव्ह आणि मग पॉझिटिव्ह केबल काढावी. जोडताना आधी पॉझिटिव्ह आणि शेवटी निगेटिव्ह जोडावी. निगेटिव्ह चेसिसला जोडलेली असते. ती आधी काढली, की पॉझिटिव्ह खोलताना पाना चुकून पत्र्याला लागला तरी ठिणगी उडत नाही. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा मिसळून ती पावडर धुवावी. बॅटरीची झाकणे त्या वेळी घट्ट बंद असावीत, कारण सोड्याचे पाणी आत गेल्यास ते ॲसिडच मारते. त्यानंतर बॅटरीचा खुंट (जिच्यावर केबल बसते ती शिशाची खुंटी) आणि केबलच्या क्लॅम्पची आतली बाजू पॉलिश पेपरने शिसे चमकेपर्यंत घासावी, क्लॅम्प खुंटावर तळापर्यंत बसवावा आणि घट्ट झाल्यावर वरून व्हॅसलीन लावावे. ते आत लावून मग क्लॅम्प बसवण्याची पद्धत टाळावी.

क्लॅम्प सैल पडला, की त्यात पत्र्याची पट्टी किंवा खिळा ठोकण्याची एक वाईट खोड आपल्याकडे आहे. खुंट मऊ शिशाचा असतो. खिळा त्यात रुततो, क्लॅम्प दोन-तीन रेषांवरच टेकतो, गाडी हादरली की फट वाढते आणि शेवटी खुंटाच्या बुडाशी झाकणाला तडा जाऊन ॲसिड झिरपू लागते. असा खिळा दिसला, तर तो काढून क्लॅम्प नवा टाकावा. बॅटरीला बांधणारी पट्टी जागेवर आहे का, हेही येथेच पाहून घ्यावे, कारण शिवाररस्त्यावर सुटी नाचणारी बॅटरी आतून प्लेटा झाडते.

पाणी आणि ऊन

झाकणे असलेल्या बॅटरीत पाण्याची पातळी प्लेटांच्या वर साधारण १० ते १२ मिलिमीटर असावी किंवा डब्यावर दिलेल्या दोन खुणांच्या मध्ये असावी. भरायचे ते फक्त डिस्टिल वॉटर. बोअरचे पाणी, घरच्या फिल्टरचे पाणी किंवा ॲसिड भरू नये. बोअरच्या पाण्यातील क्षार प्लेटांवर बसतात; आणि उडून गेलेले असते ते पाणी, ॲसिड नव्हे, म्हणून वरून ॲसिड टाकल्याने द्रव गरजेपेक्षा तीव्र होऊन प्लेटा खाल्ल्या जातात. बॅटरी पूर्ण उतरलेली असेल, तर पाणी प्लेटा बुडतील इतकेच घालावे आणि चार्जिंगनंतर पातळी पूर्ण करावी. नाही तर चार्ज होताना ते उतू जाते.

खान्देशात ही तपासणी वगळून चालत नाही. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास असतो आणि बॉनेटखाली त्याहून कितीतरी जास्त. उष्णतेत पाणी लवकर उडते, प्लेटांची जाळी लवकर गंजते आणि उभ्या गाडीतही बॅटरी आपोआप लवकर उतरते. मात्र उन्हाळ्यात इंजिनचे ऑइल पातळ असल्याने अशक्त बॅटरीवरही गाडी सुरू होत राहते. पुढे डिसेंबर-जानेवारीत धुळ्याकडे पारा एक आकडी होतो, ऑइल घट्ट होते, बॅटरीची ताकद थंडीने आणखी घटते आणि पहाटे पाचला बाजार समितीत जायला निघालेली गाडी जागेवरच राहते. दोष थंडीला दिला जातो, परंतु बॅटरी खचलेली असते ती मे महिन्यातच. म्हणून मार्च ते जून दर पंधरा दिवसांनी पाणी पाहावे. झाकणे नसलेली बंद बॅटरी असेल, तर ही तपासणी सोडून पुढे जावे. ती उघडण्याच्या भानगडीत पडू नये.

इंजिन बंद असताना काय चालू राहते

या तपासणीला एक रुपयाही लागत नाही, फक्त चालकाला दोन प्रश्न विचारावे लागतात. दिवसभर सेल्फ मारल्याने बॅटरी संपते, असा समज सार्वत्रिक आहे, पण हिशेब वेगळा आहे. दोनशे अँपिअरने पाच सेकंद सेल्फ मारला, तर खर्च एक तृतीयांश अँपिअर-तासही (एक अँपिअर एक तास वाहिला, तर एक अँपिअर-तास) होत नाही. गाडी थोडी चालली की तो भरून निघतो. याउलट दोन हेडलाइट सुमारे १० अँपिअर घेतात. केळीचे घड भरताना उजेडासाठी ते तीन तास लावून ठेवले, तर ३० अँपिअर-तास गेले, म्हणजे ७० अँपिअर-तासाच्या बॅटरीचा जवळजवळ अर्धा भाग. त्यात टेप, केबिनमधला पंखा, दोन मोबाइल आणि हौद्याला लावलेल्या रंगीत एलईडी पट्ट्या यांची भर पडते. त्यानंतर गाडी मळ्यापासून पॅकिंगच्या जागेपर्यंत दहा-पंधरा मिनिटे चालते आणि पुन्हा उभी राहते. भरपाईला तेवढा वेळ पुरत नाही. सारंगखेड्याच्या यात्रेत गाडीवरच दुकान मांडणाऱ्यांचीही हीच गत होते. अशा कामासाठी वेगळा चार्जिंगचा दिवा वापरावा. गाडीचे दिवे लावायचेच असतील, तर इंजिन चालू ठेवावे.

चालकाची सवय हे कारण निघाले, तर गाडीत दुसरा दोष शोधत बसू नये. बॅटरी एकदा दुकानात सावकाश चार्ज करून घ्यावी. तिच्या क्षमतेच्या एक दशांश करंट, म्हणजे ७० अँपिअर-तासाला ७ अँपिअर, रात्रभर दिला तर ती नीट भरते. अर्धा तास जोरात चार्ज करून देतो, असे म्हणणाऱ्याकडे ती देऊ नये, कारण त्यात बॅटरी तापते आणि प्लेटा वाकतात. पूर्ण उतरलेली बॅटरी भरणे हे अल्टरनेटरचेही काम नव्हे. त्याच्यावर तो भार टाकल्यास तो तापतो.

बेल्ट

इंजिन बंद करून, किल्ली खिशात ठेवून, अल्टरनेटर फिरवणारा बेल्ट दोन पुलींच्या मधल्या भागावर अंगठ्याने दाबावा. साधा व्ही-बेल्ट साधारण १० मिलिमीटर दबावा; नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. स्वयंचलित टेन्शनर असलेल्या गाडीत फक्त बेल्टची अवस्था पाहावी. आतली बाजू काचेसारखी गुळगुळीत झाली असेल, चिरा पडल्या असतील किंवा त्यावर ऑइल उतरले असेल, तर तो घसरतो आणि हेडलाइट व ब्लोअर एकदम लावल्यावर किंचाळतो. अनेक डिझेल गाड्यांत ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्याच मागे बसवलेला असतो, आणि पाण्याचा पंपही पुष्कळदा त्याच बेल्टवर फिरतो. त्यामुळे कन्नड घाटासारख्या उतारावर बेल्ट तुटला, तर बॅटरीचा दिवा पेटण्याबरोबरच ब्रेकचे पेडल जड होते आणि इंजिन तापू लागते. लाल दिवा पेटला तरी गावापर्यंत जाईल, असे म्हणून पुढे जाण्यापूर्वी बेल्ट जागेवर आहे का, हे थांबून पाहिलेच पाहिजे.

मल्टिमीटरचे तीन आकडे

काही शे रुपयांचा मल्टिमीटर घेतला, की अंदाज संपतात. डीसी २० व्होल्टवर ठेवून लाल टोक पॉझिटिव्हला आणि काळे टोक निगेटिव्हला, थेट खुंटावर लावावे. क्लॅम्पवर लावू नये.

पहिला आकडा गाडी रात्रभर उभी राहिल्यानंतरचा घ्यावा. १२.६ किंवा त्याहून जास्त असेल, तर बॅटरी भरलेली आहे, १२.४ ला ती पाऊण, १२.२ ला साधारण अर्धी आणि १२.० ला पाव उरलेली असते. ११.८ च्या खाली ती उतरलेलीच समजावी. रात्रभर चार्ज करूनही आकडा १०.५ च्या आसपासच घुटमळत असेल, तर सहापैकी एक सेल गेलेला आहे, कारण प्रत्येक सेल सुमारे २.१ व्होल्टचा असतो. अशी बॅटरी बदलण्यावाचून इलाज नाही. गाडी नुकतीच बंद केली असेल, तर दोन मिनिटे हेडलाइट लावून बंद करावेत आणि थोडे थांबून मोजावे. नाही तर वरवरचा फुगलेला आकडा दिसतो.

दुसरा आकडा सेल्फ मारताना घ्यावा, त्यासाठी किल्लीवर दुसरा माणूस लागतो. बॅटरी भरलेली असूनही आकडा ९.६ च्या खाली कोसळला, तर एक तर बॅटरी आतून अशक्त आहे किंवा सेल्फ जाम होऊन अतोनात करंट ओढतो आहे. आकडा ११ च्या वर टिकून सेल्फ मात्र जड फिरत असेल, तर बॅटरीला सोडावे आणि केबलकडे जावे.

तिसरा आकडा इंजिन चालू असतानाचा. थोडा रेस देऊन, हेडलाइट लावून, बॅटरीवर १३.८ ते १४.४ मिळावे. भर उन्हाळ्यात तापलेल्या इंजिनवर १३.५ दिसले, तरी घाबरू नये. बहुतेक रेग्युलेटर (अल्टरनेटरचे व्होल्टेज आवरणारे भाग) उष्णतेत व्होल्टेज मुद्दाम कमी ठेवतात. आकडा वाढतच नसेल, तर अल्टरनेटर भरत नाही. तो १५ च्या वर गेला, तर रेग्युलेटर बिघडला आहे, आणि अशी गाडी पुढे चालवू नये, कारण बॅटरीच्या पाठोपाठ महागडे इलेक्ट्रॉनिक भागही जातात.

येथे एका जुन्या रीतीविरुद्ध स्पष्ट लिहिणे भाग आहे. इंजिन चालू ठेवून बॅटरीची केबल काढायची आणि गाडी बंद पडली नाही तर चार्जिंग चांगले, अशी तपासणी अजूनही काही ठिकाणी केली जाते. केबल सुटताच अल्टरनेटरचे व्होल्टेज एकदम उसळते आणि त्या झटक्यात रेग्युलेटर, डायोड (अल्टरनेटरमधला, करंट उलटा जाऊ न देणारा भाग) किंवा इंजिनचा ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, जाऊ शकतो. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ या प्रदूषण-नियमाच्या गाड्यांत सेन्सर इतके आहेत, की हा प्रयोग बॅटरीच्या किमतीच्या कित्येक पट महागात पडतो. मल्टिमीटर तेच उत्तर काही सेकंदांत देतो.

केबल आणि अर्थ

माझ्या अनुभवात सर्वांत जास्त चुकणारी जागा हीच आहे. बॅटरीची निगेटिव्ह केबल चेसिसला जोडलेली असते, पण इंजिन रबरी माउंटवर बसलेले असल्याने चेसिस आणि इंजिन यांच्यामध्ये तांब्याच्या विणलेल्या तारांची एक वेगळी पट्टी असते. ती खाली, चिखल आणि ऑइलच्या जागी असते, त्यामुळे कोणाच्या नजरेस पडत नाही. गिअरबॉक्स किंवा क्लचचे काम करताना ती खोलली जाते आणि पुष्कळदा रंगावर, गंजावर किंवा एका आट्यावर परत बसवली जाते. मग सेल्फचा प्रचंड करंट परतीची दुसरी वाट शोधतो आणि ती वाट ॲक्सिलरेटरच्या किंवा क्लचच्या तारेतून जाते. सेल्फ मारताना ही तार गरम लागली किंवा तिचे प्लास्टिक वितळलेले दिसले, तर दुसरा पुरावा नको.

पक्के करण्यासाठी मीटरचे एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटावर आणि दुसरे इंजिनच्या स्वच्छ धातूवर ठेवून सेल्फ मारावा. ०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसले, तर अर्थच्या वाटेत अडथळा आहे. पॉझिटिव्ह बाजूलाही, खुंटापासून सेल्फच्या जाड बोल्टपर्यंत, ०.५ व्होल्टपेक्षा जास्त घट नसावी. मात्र हे मोजताना सैल कपडे, उपरणे आणि हात पंख्यापासून दूर ठेवावेत. पट्टी खोलून दोन्ही टोके आणि चेसिसची जागा कोऱ्या धातूपर्यंत घासावी, दातेरी वॉशर टाकून कसावी आणि वरून ग्रीस लावावे. निम्म्या तारा तुटलेली पट्टी घासत बसू नये, नवी टाकावी. मागच्या दिव्यांचा अर्थही असाच हौद्याच्या एखाद्या बोल्टवर असतो, आणि ब्रेकबरोबर इंडिकेटर पेटण्याचे कोडे बहुधा तेथेच सुटते.

उभ्या गाडीतून झिरपणारी वीज

वरील सर्व ठीक असूनही उभी गाडी उतरत असेल, तर ही तपासणी करावी. किल्ली काढावी, दारे बंद करावीत, निगेटिव्ह केबल काढावी आणि मल्टिमीटर १० अँपिअरच्या छिद्रावर लावून केबल व खुंट यांच्यामध्ये जोडावा. सुरुवातीला आकडा मोठा दिसतो. वीस-तीस मिनिटांत गाडीतील इलेक्ट्रॉनिक भाग झोपी गेल्यावर तो ०.०५ अँपिअर किंवा त्याहून खाली यायला हवा. एवढ्याने दिवसाला १.२ अँपिअर-तासच जातात. परंतु आकडा अर्ध्या अँपिअरवर थांबला, तर दिवसाला १२ अँपिअर-तास जातात आणि तीन दिवसांत अर्धी बॅटरी संपते. मीटर असा जोडलेला असताना किल्ली फिरवू नये, नाही तर मीटरचा फ्यूज उडतो.

आता एकेक फ्यूज काढत जावे. ज्या फ्यूजबरोबर आकडा पडेल, त्या फ्यूजच्या वाटेत दोष आहे. कोणत्याच फ्यूजने फरक पडला नाही, तर बाहेरून बसवलेल्या वस्तूंकडे वळावे: ट्रॅकर, टेप, जादा हॉर्न, धुक्याचे दिवे. यांतल्या पुष्कळ वस्तू किल्लीच्या वाटेने न जोडता थेट बॅटरीवर, तेही फ्यूज न टाकता, जोडलेल्या असतात. ट्रॅकरला कायम वीज लागणे साहजिक आहे, पण टेपला आणि एलईडी पट्टीला ती लागत नाही. त्यानंतरही आकडा खाली येत नसेल, तर मीटर काढून, निगेटिव्ह सुटी असतानाच, अल्टरनेटरची जाड वायर काढून बाजूला बांधावी आणि पुन्हा मोजावे. आकडा पडला, तर अल्टरनेटरचा डायोड फुटलेला आहे. रात्रभर उभ्या गाडीचा अल्टरनेटर सकाळी कोमट लागतो, ही त्याचीच खूण.

एकच फ्यूज वारंवार जाणे

लाल फ्यूज १० अँपिअरचा, निळा १५ चा, पिवळा २० चा आणि हिरवा ३० चा असतो. दहाचा जातो म्हणून वीसचा टाकणे किंवा तांब्याची तार गुंडाळणे, हे गाडी पेटण्याचे सरळ कारण आहे, कारण मग फ्यूजऐवजी वायर वितळते. शॉर्ट शोधण्यासाठी फ्यूजच्या जागी २१ वॅटचा इंडिकेटरचा बल्ब जोडावा. त्या वाटेवरचे दिवे बंद असतानाही तो लख्ख पेटला, तर शॉर्ट चालू आहे. मग वायरिंग हलवत जावे, ज्या जागी हलवल्यावर बल्ब मंदावेल तेथे वायर सोललेली असते. पिकअपमध्ये ही जागा बहुधा हौद्याखाली, चेसिसच्या कडेवर घासणाऱ्या वायरीत, किंवा प्रेशरने गाडी धुताना पाणी शिरलेल्या मागच्या दिव्याच्या होल्डरमध्ये सापडते. सरकी, मका किंवा ज्वारीची पोती वाहणाऱ्या गाडीत उंदीर शिरतात आणि बॉनेटखालच्या उबेत वायरी कुरतडतात. त्यामुळे तेथे लेंड्या दिसल्या, तर आधी तोच भाग पाहावा.

हौद्याला जाळी किंवा अँगल वेल्डिंग करायचे असल्यास बॅटरीची निगेटिव्ह आधी काढून ठेवावी, ईसीयूचे सॉकेटही पुस्तिकेप्रमाणे सोडवावे आणि वेल्डिंगचा अर्थ कामाच्या अगदी जवळ लावावा. वेल्डिंगनंतर गाडीत भलतेच दोष सुरू झाल्याच्या तक्रारींमागे बहुधा हीच घाई असते.

रस्त्यात बंद पडल्यास

दुसऱ्या गाडीवरून जंप द्यायचा असेल, तर पॉझिटिव्हला पॉझिटिव्ह जोडावा आणि काळी केबल चांगल्या बॅटरीच्या निगेटिव्हवरून बंद गाडीच्या इंजिनवरील धातूला, बॅटरीपासून दूर, जोडावी, म्हणजे शेवटची ठिणगी बॅटरीच्या वायूजवळ उडत नाही. महामार्गावरच्या ढाब्यांवर मोठ्या ट्रकचा चालक मदतीला येतो. त्याचा हेतू चांगला असतो, पण त्याच्या गाडीत १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सलग जोडलेल्या, म्हणजे २४ व्होल्ट असतात. ते पिकअपला लागले, तर बल्बपासून ईसीयूपर्यंत सारे जळू शकते. शक्यतो पिकअप, जीप किंवा मोटार यांच्याकडूनच जंप घ्यावा.

येथे थांबावे आणि कारागीर बोलवावा

बॅटरी फुगलेली असेल, तिला सडक्या अंड्यासारखा वास येत असेल किंवा ती हात लाववणार नाही इतकी तापली असेल, तर इंजिन बंद करावे, जंप देऊ नये आणि ती थंड झाल्यावरच जाणकाराकडून काढून घ्यावी. चार्जिंग १५ व्होल्टच्या वर आहे, वायरीतून धूर आला आहे, मुख्य फ्यूज बदलताच पुन्हा गेला आहे किंवा बॅटरीच्या तक्रारीबरोबर इंजिनचा पिवळा दिवाही पेटला आहे, यांपैकी काहीही झाल्यास घरचे प्रयोग बंद करावेत. पिवळ्या दिव्यासाठी स्कॅनर लागतो. एअरबॅग असलेल्या गाडीतील पिवळ्या आवरणाच्या वायरींना मीटर किंवा बल्ब कधीही लावू नये.

अल्टरनेटर आणि सेल्फ खोलणे हेही बाकावरचे काम आहे. कार्बन, बुश, आर्मेचर, डायोड प्लेट, रेग्युलेटर यांपैकी नेमके काय गेले, हे तपासण्याची साधने त्या कारागिराकडे असतात, आणि पुष्कळदा पूर्ण नग न बदलता कार्बन किंवा रेग्युलेटर बदलून काम भागते. बॅटरी पूर्ण चार्ज झाल्यावर प्रत्येक सेलची ग्रॅव्हिटी, म्हणजे ॲसिडची घनता, मोजून घेण्यास सांगावे. सर्व सेल १२५० च्या आसपास किंवा वर असावेत, आणि एखादा सेल इतरांपेक्षा पन्नासहून अधिक अंकांनी मागे असेल, तर बॅटरी नवी घेण्याची वेळ आली आहे. जुनी बॅटरी दुकानात परत द्यावी, तिचे शिशाचे पैसे वजा होतात.

कारागिराकडे जाताना वरचे तीनही आकडे, उभ्या गाडीचा झिरपा आणि गाडीत बाहेरून काय काय जोडले आहे, हे कागदावर लिहून न्यावे. त्याने ते न पाहताच नवी बॅटरी सुचवली किंवा इंजिन चालू ठेवून केबल काढायला हात घातला, तर गाडी दुसरीकडे न्यावी.